कच्चा कैदी आजारी पडतो तेव्हा

चिंतनासाठी वाचन : यिर्मया 37:11 ते 38:13, प्रेषितांची कृत्ये 24:22-27 व 27:1-3, मत्तय 25:31-46



रविवारच्या मिस्सामध्ये आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. अधूनमधून तुरुंगातील बांधवांसाठीही करतो. पण तुरुंगातच आजारी पडलेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे सहसा येत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाच्या वर्णनात प्रभू येशू आजारी आणि बंदिवान यांचा उल्लेख अगदी शेजारी शेजारी करतो, आणि दोघांच्याही ठिकाणी स्वतःला पाहायला सांगतो. आजच्या अभ्यासात आपण या दोघांचा विचार एकत्र करणार आहोत. त्यातही ज्याचा खटला अजून चाललेला नाही, ज्याला न्यायालयाने दोषी ठरवलेले नाही, अशा कच्च्या कैद्याचा.

1. कच्चा कैदी कोण?

पोलीस एखाद्याला अटक करतात आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करतात. तेथून तो पोलीस कोठडीत किंवा न्यायालयीन कोठडीत जातो. न्यायालयीन कोठडी म्हणजे व्यवहारात तुरुंगच. जामीन मिळाला तर तो घरी येतो. जामीन नाकारला गेला, किंवा मंजूर होऊनही पैसे व जामीनदार उभा करता आला नाही, तर खटला संपेपर्यंत तो आतच राहतो. सरकारी भाषेत त्याला न्यायाधीन बंदी म्हणतात. आपण त्याला कच्चा कैदी म्हणतो.

हे मूठभर लोक नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत 5,73,220 माणसे होती. त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार कैद्यांमागे तिघांचा निकाल लागायचा होता. तुरुंगांत मंजूर क्षमतेपेक्षा सुमारे 31 टक्के माणसे जास्त होती. या चार लाखांपैकी काही जण पुढे दोषी ठरतील, काही निर्दोष सुटतील. कोण कोणत्या बाजूला जाईल हे आज कोणीही सांगू शकत नाही. म्हणून तर खटला चालवायचा असतो.

2. कोंडणे वेगळे, शिक्षा वेगळी

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात, माणसाला कोंडून ठेवणे केव्हा योग्य ठरते, हा प्रश्न हाताळला आहे. त्यांच्या मते न्यायाच्या चौकटीतच ते करता येते, आणि त्याला दोनच कारणे असू शकतात : एक शिक्षा म्हणून, दुसरे पुढचे काही वाईट टाळण्यासाठी खबरदारी म्हणून.

हा भेद साधा वाटतो, पण त्यात पुष्कळ काही आहे. निकालापूर्वी कोणालाही शिक्षा देता येत नाही. तेव्हा कच्च्या कैद्याला आत ठेवण्याचे कारण फक्त दुसरे, म्हणजे खबरदारीचे, असू शकते : तो पळून जाऊ नये, साक्षीदारांना धमकावू नये, पुरावा नष्ट करू नये. या खबरदारीसाठी जेवढे आवश्यक आहे तेवढेच त्याच्याकडून काढून घेता येते. त्याचे मोकळे फिरणे काढून घेता येईल. पण त्याची मधुमेहाची गोळी काढून घेतल्याने कोणता पुरावा सुरक्षित राहतो? त्याचे दुखणे वाढू दिल्याने कोणता साक्षीदार निर्धास्त होतो? खबरदारीच्या पलीकडे जे जे त्याच्या शरीरावर येते ती शिक्षाच असते, आणि ती निकालाआधी दिलेली असते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 23 ऑक्टोबर 2014 रोजी फौजदारी कायद्याच्या अभ्यासकांपुढे बोलताना याच धोक्याकडे लक्ष वेधले होते. खटल्यापूर्वीच्या कोठडीचा गैरवापर झाला की ती कायद्याच्या आडोशाने दिलेली आगाऊ शिक्षा बनते, असा त्यांचा आशय होता.

आणखी एक गोष्ट. आपल्याला ताप आला तर आपण दवाखान्यात जातो. पैसे नसले तर उसने घेतो. एका डॉक्टरचा गुण आला नाही तर दुसऱ्याकडे जातो. कैद्याला यातले काहीही करता येत नाही, कारण दाराची चावी दुसऱ्याच्या हातात आहे. ज्याने कुलूप लावले त्यानेच आतल्या माणसाच्या जिवाची जबाबदारीही घेतली. याला मेहेरबानी म्हणता येणार नाही. ते कर्ज आहे, आणि ते फेडलेच पाहिजे.

आपला कायदाही हेच सांगतो. आरोपीच्या आरोग्याची व सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणे हे त्याला ताब्यात ठेवणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 56 मध्ये म्हटले आहे. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, पण तरतूद त्याआधीच्या कायद्यातही होती. 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की रुग्ण निरपराध असो वा अपराधी, त्याचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या 'नेल्सन मंडेला नियमां'नुसार बाहेरच्या समाजाला जी आरोग्यसेवा मिळते त्याच दर्जाची कैद्यालाही मिळाली पाहिजे.

3. एका दुखण्याला किती दरवाजे?

मग अडते कुठे? समजा, रात्री बराकीत एका माणसाच्या छातीत दुखू लागले. पहिला दरवाजा बराकीचा. पहारेकऱ्याला हाक मारायची, आणि त्याने विश्वास ठेवायचा. दुसरा दरवाजा तुरुंगातील दवाखान्याचा. तेथे त्या वेळी डॉक्टर हजर असला पाहिजे, आणि पदे रिकामी असली तर तो नसतो. तिसरा दरवाजा तुरुंगाच्या मुख्य फाटकाचा. सरकारी रुग्णालयात न्यायचे तर सोबत पोलीस बंदोबस्त हवा. पोलीस दुसऱ्या कामावर असले की तपासणीची तारीख हुकते आणि पुढची तारीख काही आठवड्यांनंतरची मिळते. चौथा दरवाजा न्यायालयाचा. खास उपचार किंवा आपल्या पसंतीचे रुग्णालय हवे असेल तर अर्ज, मग समोरच्या पक्षाचे उत्तर, मग वैद्यकीय अहवाल, मग सुनावणी. आजार मात्र तारखेची वाट पाहत नाही.

या चारही दरवाजांवर एक अदृश्य पहारेकरी उभा असतो. त्याचे नाव संशय. "नाटक करतोय, जामिनासाठी आजारपणाचे सोंग घेतोय." कधी कधी कोणी सोंग घेतही असेल. पण सोंग आहे की आजार, हे ठरवायला डॉक्टर असतो. संत थॉमस यांनी केवळ संशयावरून माणसाचा न्याय करणे चुकीचे ठरवले आहे, आणि जेथे शंका असेल तेथे दुसऱ्याविषयी चांगला अर्थ घ्यावा असे शिकवले आहे. आजाऱ्याच्या बाबतीत हा सल्ला फारच व्यवहारी आहे. सोंग घेणाऱ्याला तपासले तर डॉक्टरचा थोडा वेळ वाया जाईल. खऱ्या आजाऱ्याला तपासले नाही तर जीव जाईल.

त्याच अहवालानुसार 2022 या एका वर्षात भारतातील तुरुंगांत 1,995 कैद्यांचा मृत्यू झाला. त्यांपैकी 1,773 मृत्यूंची नोंद 'नैसर्गिक' अशी आहे. आजाराने आलेला मृत्यू या रकान्यात जातो. उपचार वेळेवर झाले होते का, हे त्या शब्दावरून कळत नाही. उपचाराअभावी मरण आले तरी कागदावर ते नैसर्गिकच दिसते.

4. तळोजा येथे जे घडले

तळोजा आपल्यापासून लांब नाही. तेथील मध्यवर्ती कारागृहात येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ठेवण्यात आले होते. मूळचे तामिळनाडूचे फादर स्टॅन अनेक वर्षे झारखंडमधील आदिवासींमध्ये काम करीत होते. खटल्याविना तुरुंगात अडकलेल्या आदिवासी तरुणांचा प्रश्न त्यांनी स्वतः मांडला होता. 8 ऑक्टोबर 2020 रोजी एल्गार परिषद - भीमा कोरेगाव प्रकरणात राष्ट्रीय तपास संस्थेने त्यांना रांचीजवळच्या निवासातून बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटक केली. त्यांचा माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप होता. तो त्यांनी नाकारला होता. त्या वेळी त्यांचे वय 83 होते. त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार होता, आणि ऐकूही कमी येत होते.

कंपवातामुळे हातातला पेला स्थिर राहत नाही, म्हणून ते नळी असलेल्या पेल्यातून पाणी पीत. नोव्हेंबर 2020 मध्ये स्ट्रॉ आणि सिपर मिळावा यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. तपास यंत्रणेचे उत्तर यायला सुमारे तीन आठवडे लागले. उत्तर असे होते की या वस्तू आम्ही त्यांच्याकडून घेतलेल्याच नाहीत. पुढे तुरुंग प्रशासनाने त्यांना सिपर दिला. कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या या वस्तूसाठी एका वृद्धाला न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. तरीही तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात फादर स्टॅन यांनी तक्रारीपेक्षा कृतज्ञताच जास्त व्यक्त केली. कोणी त्यांना घास भरवायला मदत करी, कोणी आंघोळ घाली, कोणी कपडे धुई, कोणी गुडघे चोळून देई. हे सर्व करणारे त्यांचे सोबतचे कैदीच होते.

विशेष न्यायालयाने त्यांचे जामीन अर्ज फेटाळले. 21 मे 2021 रोजी ते दूरदृश्य प्रणालीद्वारे मुंबई उच्च न्यायालयासमोर आले. आपण तुरुंगात आलो तेव्हा स्वतः चालत होतो, जेवत होतो, लिहीत होतो, आंघोळ करीत होतो, आणि आता हे एकेक करून नाहीसे होत आहे, असे त्यांनी सांगितले. सरकारी रुग्णालयात जाण्यापेक्षा आपल्या माणसांत राहण्याची त्यांची इच्छा होती. तुरुंगात केवळ आयुर्वेदाचे तीन डॉक्टर आहेत, याकडेही त्या काळात न्यायालयाचे लक्ष वेधण्यात आले. 28 मे रोजी न्यायालयाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्यास परवानगी दिली. तेथे त्यांना कोविड झाल्याचे आढळले. 5 जुलै 2021 रोजी त्यांच्या जामिनाची सुनावणी चालू असताना, ते गेल्याची बातमी डॉक्टरांनी न्यायालयाला दिली. त्यांचे वय 84 होते. खटला सुरूच झाला नव्हता. एकही आरोप न्यायालयात सिद्ध झाला नव्हता, आणि एकही आरोप खोडून काढण्याची संधी त्यांना मिळाली नव्हती.

याच प्रकरणातील, याच तुरुंगातील दुसरी घटना पाहा. कवी वरवरा राव वयाच्या ऐंशीच्या आसपास तेथे गंभीर आजारी झाले. 22 फेब्रुवारी 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना आजारपणाच्या कारणास्तव सहा महिन्यांचा जामीन दिला. त्यांना परत तळोजाला पाठवणे जिवाला धोकादायक ठरेल, असे न्यायालयाचे मत पडले. 10 ऑगस्ट 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वैद्यकीय कारणासाठी कायमचा जामीन दिला. कायदा तोच, तुरुंगही तोच. म्हणजे आजाऱ्याला वाचवण्याची वाट कायद्यात आहे. ती वेळेवर चालावी लागते.

या दोघांची नावे देशाला माहीत होती, त्यांच्यासाठी नामवंत वकील उभे होते. ज्याचे नाव त्याच्या गावाबाहेर कोणाला ठाऊक नाही, त्याच्या दुखण्याचे काय होत असेल, याचा विचार आपण करावा.

5. पवित्र शास्त्र काय सांगते?

संदेष्टा यिर्मया हा कच्चा कैदीच होता. शत्रूला जाऊन मिळतो आहेस, असा आळ घालून त्याला पकडले, मारहाण केली आणि योनाथान चिटणीसाच्या घरातील तळघरात टाकले. तेथे तो पुष्कळ दिवस राहिला. राजाने त्याला गुपचूप बोलावले तेव्हा यिर्मयाने केलेली विनंती लक्ष देऊन वाचा. त्याने सुटका मागितली नाही. मला त्या घरात परत पाठवू नका, नाहीतर मी तेथे मरेन, एवढेच तो म्हणाला. फादर स्टॅन यांच्या न्यायालयातील बोलण्याशी याचे किती साम्य आहे! राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात ठेवले आणि रोज एक भाकर देण्याची आज्ञा केली.

पुढच्या अध्यायात सरदार त्याला चिखलाच्या विहिरीत सोडतात. तेव्हा राजवाड्यातील एक परदेशी सेवक, कूशी एबद-मलेख, राजाकडे जाऊन बोलतो. राजाची परवानगी मिळताच तो जुनी फडकी आणि चिंध्या गोळा करतो आणि दोरीने आत सोडतो. वर ओढताना दोरी काचू नये म्हणून त्या चिंध्या काखेत घे, असे तो यिर्मयाला सांगतो. माणूस मरणाच्या दारात असताना त्याच्या काखेला दोर काचेल याची काळजी कोण करतो? ज्याला तो 'कैदी' वाटत नाही, माणूस वाटतो, तोच.

संत पौलाचेही तसेच. कैसरियात सुभेदार फेलिक्सने त्याचा निकाल न लावता त्याला दोन वर्षे अडकवून ठेवले. फेलिक्सला लाचेची आशा होती, असे संत लूक स्पष्ट लिहितो. पण त्याच फेलिक्सने शताधिपतीला हुकूम दिला होता की पौलाला थोडी मोकळीक द्यावी आणि त्याच्या माणसांना त्याची सेवा करण्यास मनाई करू नये. पुढे रोमला नेताना सीदोन बंदरात युल्य नावाच्या शताधिपतीने पौलाला मित्रांकडे जाऊन पाहुणचार घेऊ दिला. पौल पळाला नाही, आणि खबरदारीही ढळली नाही. लाचखोर सुभेदाराला आणि परधर्मी शिपायाला जे जमले ते आजच्या व्यवस्थेला जमू नये का?

6. मनात येणारे दोन प्रश्न

"बाहेरच्या गरिबाला औषध मिळत नाही, मग कैद्याचे लाड कशाला?" बाहेरच्या गरिबाचे दुःख खरे आहे, आणि त्याच्यासाठीही आपण झटले पाहिजे. पण तो निदान दुसऱ्या दारी जाऊ शकतो. कैद्याला दुसरे दारच नाही. एकाला मिळत नाही म्हणून दुसऱ्यालाही मिळू नये, हा न्याय होत नाही.

"ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे काय?" हा प्रश्न तर विचारलाच पाहिजे. पण आरोपी खटल्याआधी मेला तर त्याच्यापुरता खटला बंद होतो. तो दोषी होता की नव्हता, हे न्यायालय कधीच सांगत नाही. पीडित कुटुंबाला सत्य कळत नाही, आणि आरोपीच्या कुटुंबाच्या कपाळावरचा डाग जात नाही. आरोपीला जिवंत आणि धडधाकट न्यायालयात आणण्यात पीडितांचेही हित आहे.

7. आपण काय करू शकतो?

आपल्या ओळखीच्या कोणाला अटक झाली आणि तो आजारी असेल, तर या गोष्टी लक्षात ठेवा :

• अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते. त्या वेळी जुने आजार, चालू औषधे आणि अंगावरील जखमा डॉक्टरला सांगून लिहून घ्यायला सांगावे.
• मॅजिस्ट्रेटसमोर उभे केल्यावर आजाराविषयी तेथेच बोलावे. औषध, पथ्य, तपासणी यांबाबत न्यायालयाचा लेखी आदेश मागता येतो.
• डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती घरी आणि वकिलाकडे ठेवाव्यात. तोंडी सांगण्यापेक्षा कागद उपयोगी पडतो.
• कोठडीतील कोणत्याही व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. जिल्हा किंवा तालुका न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात जावे, किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा.
• आजारी किंवा दुर्बल असणे हे जामिनासाठी विचारात घेण्याजोगे कारण आहे. वकिलाला ते आवर्जून मांडायला सांगावे.

धर्मग्राम म्हणूनही आपल्याला काही करता येईल. एखाद्या घरातील मुलगा तुरुंगात गेला की त्या घरी आपली ये-जा थांबते. चर्चच्या आवारात, बाजारात त्याचा खटला आपणच चालवतो आणि निकालही देतो. तसे न करता त्या आईला भेटा. तारखेला तिच्यासोबत न्यायालयात जा. औषधाची चिठ्ठी घेऊन ती तुरुंगाच्या फाटकावर जाते तेव्हा कोणीतरी तिच्याबरोबर असावे. आपल्यात डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, वकील आहेत. भारतातील ख्रिस्तसभेचे 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया' हे सेवाकार्य 1981 पासून चालू आहे. ऑगस्ट महिन्यातील दुसरा रविवार त्यासाठी पाळला जातो. महिन्यातून एक दिवस देण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी मिस्सानंतर मला भेटावे.

कुटुंबात व गटात चर्चेसाठी प्रश्न

1. एबद-मलेखने आणलेल्या चिंध्यांसारखी कोणती लहानशी मदत आपण एखाद्या कैद्याच्या कुटुंबाला करू शकतो?
2. अटक झालेल्या माणसाविषयी बोलताना आपण संशय आणि निकाल यांत फरक करतो का?
3. तुरुंगात काम करणारे पोलीस, डॉक्टर, कर्मचारी यांच्यावर कोणता ताण असतो? त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुला रात्री पकडून नेले आणि न्याय होण्याआधीच मारले. आज कोठडीत वेदनेने जागणाऱ्या प्रत्येकाजवळ तू राहा. त्यांची हाक ऐकणाऱ्या पहारेकऱ्याला मऊ मन दे, डॉक्टरला तत्परता दे, न्यायाधीशाला वेळेचे भान दे. जे आत मरण पावले त्यांना तुझ्या शांतीत घे. आणि आम्हांला त्यांच्या घराचा उंबरा ओलांडण्याचे धैर्य दे. आमेन.

आपला धर्मगुरू